डावीकडचं दार

१

बडेतरिया गावाचा मूळ नकाशा बुधवारी सकाळी अकरा वाजता फडताळात होता. शारदाबाई डोरलीकरांनी तो स्वतःच्या हातानं झटकून, गुंडाळून, फीत बांधून ठेवला होता. पावणेबाराला गावचा वकील नक्कल मागायला आला तेव्हा तो खण रिकामा होता.

एरवी कागद हरवणं ही त्या ऑफिसात रोजचीच गोष्ट. नवं राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं. भोपाळहून ट्रक भरभरून आलेल्या फाइली रायपुरात मिळेल त्या इमारतीत कोंबल्या होत्या. नकाशा कक्षाच्या वाट्याला तर एक जुनं वसतिगृह आलं होतं. पण हा नकाशा वेगळा. सत्तर वर्षांपूर्वी कापडावर काढलेला, आणि त्यात गावचा तलाव साऱ्या गावाच्या वापराचा म्हणून निळ्या शाईनं दाखवलेला. राजधानी झाल्यापासून अभनपुरकडच्या जमिनीवर सगळ्यांचे डोळे होते. एका कारखानदारानं तो तलावच आपला म्हणून दावा ठोकला होता. सोमवारी सुनावणी होती. नकाशा नसला तर गावाकडे दाखवायला काही म्हणजे काही नव्हतं.

खोलीला दार एकच. खिडक्यांना गज. आणि दाराशेजारीच शारदाबाईंचं टेबल.

"अकरापासून मी जागेवरून हलली नाही," बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "आणि कोणी आत आलं नाही."

या एका वाक्यानं त्यांनी स्वतःच्या गळ्यात फास अडकवून घेतला. कोणी आलं नाही, तर नकाशा नेला कोणी?

चौकशीसाठी दक्षता शाखेतून गंधाली बक्षी आल्या त्या गुरुवारी सकाळी. वय एक्केचाळीस, घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात स्थायिक, आणि एकदा प्रश्न हाती घेतला की सोडायचा नाही अशी ख्याती. संचालकांनी त्यांना बसायला सांगितलं आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"निलंबनाचा आदेश तयार आहे. तीन महिन्यांनी रिटायर होणार होत्या. वाईट वाटतं, पण काय करणार! दोन दिवसांत तुमचा अहवाल द्या, म्हणजे मी सही करतो."

"नकाशा इमारतीबाहेर गेला असेल?"

"नाही. बोंब झाली तेव्हापासून गेटवर प्रत्येकाची झडती होते. त्याआधीच्या पाऊण तासात कोणी बाहेर पडलं नाही, हे शिपायानं लिहून दिलंय."

गंधाली उठल्या, दाराकडे वळल्या आणि त्यांचा उजवा खांदा चौकटीवर दाणकन आपटला.

"लागलं का?"

"नाही, नाही. लक्ष नव्हतं."

लक्ष होतं. डोळा नव्हता. जानेवारीत त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला, दोन ऑपरेशनं झाली आणि डॉक्टरांनी हात टेकले. ऑफिसात त्यांनी मोतीबिंदू सांगितला होता. खरं काय ते नवऱ्याला, यशोधनला, तेवढं ठाऊक होतं. चार महिने झाले, पाणी ओतताना ते ग्लासाबाहेर पडत होतं, जिन्याची शेवटची पायरी दगा देत होती, उजवीकडून माणसं भुतासारखी अचानक उगवत होती. ही चौकशी संपली की राजीनामा द्यायचा, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. ज्याला धड दिसत नाही त्यानं दुसऱ्यांचं काय शोधून काढायचं?

२

शारदाबाई एकोणसाठ वर्षांच्या, ठेंगण्या, नीटनेटक्या. रात्रभर झोपल्या नसाव्यात, पण साडीची घडी जागच्या जागी होती.

"बसा मॅडम. चहा घ्या. दयारामनं आत्ताच केटली आणली."

"तुम्ही जागेवरून उठलाच नाहीत?"

"नाही. सोमवारच्या केसची यादी लिहून राहिली होती."

"मग कोणी आत कसं गेलं?"

"मले नाही सांगता येत." बाई म्हणाल्या. "मले कोणी दिसलं नाही, एवढंच मी सांगू शकते. खोटं काहून सांगू?"

बोलता बोलता त्यांनी केटली उचलली. गंधाली सवयीनं त्यांच्या हाताकडे बघत होत्या, आणि एकाएकी त्यांचं बघणं बदललं. बाईंनी चहा वरून ओतला नाही. केटलीची चोच कपाच्या काठाला हलकेच टेकवली, टेकल्याची खात्री केली आणि मगच कलती केली. एक थेंब बाहेर पडला नाही. मग कप पुढे करताना त्यांनी तो हवेत धरून ठेवला आणि गंधालींचा हात येऊन भिडेपर्यंत वाट पाहिली. फाइल उचलण्याआधी त्यांनी मान थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे हलवली, जणू ती वस्तू किती लांब आहे ते मापून घेतलं.

दुसऱ्या कुणाला ही वयस्क बाईंची सावकाशी वाटली असती. गंधालींना मात्र तसं वाटलं नाही. चार महिने त्या ज्या चहाशी झगडत होत्या, तो चहा ही बाई असा ओतत होती!

गंधालींनी आपली खुर्ची मुद्दाम सरकवली आणि त्या बाईंच्या डाव्या हाताला जाऊन बसल्या. काही न बोलता त्यांनी हात हवेत वर-खाली केला. बाई समोरच बघत राहिल्या.

शारदाबाईंना डाव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं. आणि दार त्यांच्या डावीकडे होतं.

३

बाईंना आत्ताच काही विचारायचं नाही, असं गंधालींनी ठरवलं. आधी बाकीच्यांना ऐकायचं. बुधवारी सकाळी नकाशा कक्षाच्या मजल्यावर ये-जा करणारे शारदाबाईंखेरीज तिघंच होते.

पहिला दयाराम, शिपाई. चाळिशीचा, आरंगकडचा. तो चहाचे कप उचलायला आला, तेव्हा गंधालींनी पाहिलं: दारातून आत आल्यावर डावीकडूनच कप घेता आला असता, पण तो टेबलाला पूर्ण वळसा घालून बाईंच्या उजव्या हाताला गेला आणि मग म्हणाला, "ले जाऊं दीदी?"

याला माहीत होतं.

"दयाराम, त्या वेळी तू कुठे होतास?"

"टपरीवर नाही गेलो, गेट बंद होता पाण्याच्या टँकरसाठी. खाली स्टोव्हवर चहा करत होतो मॅडम. हव, एकटाच होतो." त्यानं मान खाली घातली. "दीदीनं नाही केलं. तुम्ही काही पण लिहा, दीदीनं नाही केलं."

जाताना त्यानं दार ओढून घेतलं. दार मुकाट लागलं. गंधालींनी ते पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. वसतिगृहाची बाकीची दारं गाढवासारखी ओरडत होती आणि हे एकटंच गप्प. त्यांनी बिजागरीवर बोट फिरवलं. बोटाला ताजं, पातळ तेल लागलं.

"हे दार वाजत नाही वाटतं?"

"मंगळवारपर्यंत करकरत होतं," शारदाबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

दुसरा देवीदास साहू, अमीन. जमिनीची मोजणी करणारा, उंच, रागीट. सही केल्याशिवाय नकाशा मिळणार नाही म्हणून बाईंनी महिन्यापूर्वी त्याला परत पाठवलं होतं, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं. त्याच्या उघड्या कपाटात मोजणीच्या यंत्राशेजारी तेलाची छोटी कुप्पी होती. तेच पातळ तेल.

"मेरी ही है," देवीदास फुरफुरला. "पण कपाटाला कुलूप कुठं आहे? नया राज्य, नयी राजधानी, और एक ताला नहीं! कोणीही उचलते, कोणीही ठेवते. आणि त्या बाईचं माझं पटत नाही हे खरं, पण बडेतरिया माझ्या मामाचं गाव आहे मॅडम. त्या तलावात पोहायला शिकलो मी."

तिसरे शरच्चंद्र मुळावकर, कक्ष अधिकारी. अमरावतीकडचे, बोलायला मऊ, खोली नीट लावलेली. भिंतीलगत सुनावणीसाठी रीतसर सही करून घेतलेले तीस-चाळीस नकाशे गुंडाळून उभे होते.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "बाई प्रामाणिक आहेत हो. पण वय झालं. मी तर म्हणतो, झोप लागली असेल. मी खोलीतच होतो, फोनवर."

"बाईंचं टेबल दाराला अगदी लागून आहे. आधीपासून तसंच?"

"नाही, पूर्वी पलीकडच्या भिंतीला होतं, उलट्या तोंडाचं. पंधरा दिवसांपूर्वी फिरवलं. बाईंनीच सांगितलं होतं, खिडकीचा उजेड वहीवर यावा म्हणून. मी म्हटलं, ठीक आहे, त्यांची सोय होत असेल तर फिरवा."

गंधालींनी ते वाक्य वहीत शब्दशः उतरवून घेतलं. मग खाली एक रेघ मारली. मुळावकर खोटं बोलत होते. आणि ते खोटं आहे हे साऱ्या इमारतीत फक्त दोन बायकांना कळू शकत होतं.

४

जेवणाच्या सुट्टीत गंधालींनी नकाशा कक्षाचं दार आतून लावलं.

"शारदाबाई, माझा उजवा डोळा गेलाय. जानेवारीत. ऑफिसात कोणाला माहीत नाही."

बाईंनी डबा बाजूला ठेवला.

"म्हणून तुम्ही सकाळी माझ्या डावीकडं येऊन बसल्या."

"हो."

"हात हलवला असेल."

"हो."

शारदाबाई हसल्या. दोन दिवसांतलं ते त्यांचं पहिलं हसू असावं. "माझा गेला एकोणऐंशी साली. रिक्षा उलटली, भुवई दगडावर आपटली. डोळा दिसायले धडधाकट, पण आतली नस मेली. त्या वेळी आमच्या ऑफिसात एक बाबू होते, त्यांचा डोळा गेला तं लोक त्यांच्या तोंडावर काणा म्हणत. त्यांना डाक चिकटवायला बसवलं. मी म्हटलं, आपण सांगायचंच नाही. नवरा लवकर गेला, पोट्टी लहान होती. नोकरी गेली असती तं काय केलं असतं?"

"तेवीस वर्षं! कसं काय जमवलंत?"

"जमते. पहिलं वर्ष कठीण जाते, मग डोकं शिकते. मान हलवली का जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी, त्यावरून अंतर कळते. जिना उतरताना टाच पायरीच्या कडेले घासत न्यायची. सुईत दोरा ओवताना दोरा बोटाच्या नखावर टेकवायचा. आणि बसताना नेहमी दार आपल्या चांगल्या बाजूले ठेवायचं. हे पहिलं. बाकी सगळं नंतर."

गंधाली ऐकत होत्या. डॉक्टरांनी त्यांना पडद्याची चित्रं दाखवली होती, औषधं लिहून दिली होती. हे कोणी सांगितलं नव्हतं. समोर बसलेल्या या बाईनं एका डोळ्यावर मुलगी वाढवली, हजारो नकाशे सांभाळले, आणि त्याचा गवगवा करायची तिला कधी गरज वाटली नाही.

"मग टेबल तुम्ही फिरवायला सांगितलं नव्हतं."

"मी?" बाई ताडकन म्हणाल्या. "मी काहून सांगू? सोमवारी आली तं फिरवलेलंच होतं. मुळावकर साहेबांकडे तीनदा गेली, परत फिरवा म्हणून. कारण विचारलं तं सांगता येईना. ते म्हणाले, बघू. तेव्हापासून मी कानावर काम चालवलं. दार करकरलं का मान वळवायची."

"आणि बुधवारी दार करकरलं नाही."

बाईंचे डोळे भरून आले. "कोणी तरी माझ्या शेजारून गेलं मॅडम. हातभर अंतरावरून. येताना आणि जाताना. आणि मी लिहीत बसली."

"तुमचा डोळा कोणाकोणाला माहीत आहे?"

"दयारामले. कधी बोलला नाही, पण मले कळते. बाकी कोणाले नाही."

"आहे," गंधाली म्हणाल्या. "आणखी एकाला आहे. त्याला कुठून कळलं, तेवढं मला शोधायचंय."

५

ते शोधायला शुक्रवारची सकाळ पुरली.

शुक्रवारी चार वाजता संचालकांच्या खोलीत सगळे जमले. कूलर घरघरत होता. आदल्या संध्याकाळीच गंधालींनी शारदाबाईंना बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमचं गुपित सांगितल्याशिवाय मला हे सिद्ध करता येणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी दुसरा रस्ता बघेन." बाईंनी रात्रभर विचार करायला वेळ मागून घेतला होता. आता त्या आपणहून उभ्या राहिल्या.

"साहेब, मले डाव्या डोळ्यानं दिसत नाही. तेवीस वर्षं झाली."

देवीदासनं चमकून वर पाहिलं. दयाराम जमिनीकडे बघत उभा होता.

"तुम्ही ही गोष्ट सरकारपासून लपवली?" संचालक म्हणाले.

"लपवली नाही," गंधाली म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावर एक जाड, पिवळं पडलेलं सेवा पुस्तक ठेवलं. "बाईंना वाटत होतं लपवली. पण अपघातानंतर त्यांनी रजेच्या अर्जासोबत दवाखान्याचं बंद पाकीट दिलं होतं. आत इंग्रजीत प्रमाणपत्र होतं: डाव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. तेव्हाच्या साहेबांनी वाचलं, 'कामात उणीव नाही, पदावर कायम ठेवावे' असा शेरा मारला आणि फाइल बंद केली. भल्या माणसानं बाईंनाही सांगितलं नाही."

शारदाबाई खुर्चीचा हात धरून खाली बसल्या.

"हे पुस्तक भोपाळहून आल्यापासून कुलपात होतं. पेन्शनच्या कामासाठी गेल्या महिन्यात एकाच माणसानं ते मागवून घेतलं. रजिस्टरवर सही आहे मुळावकर साहेबांची."

"ते माझं कामच आहे," मुळावकर शांतपणे म्हणाले. "वाचलं म्हणजे चोरी केली का?"

"नाही. पण वाचल्यानंतर दोनच दिवसांनी टेबल फिरलं. दार बाईंच्या आंधळ्या बाजूला गेलं. तुम्ही मला सांगितलंत की बाईंनीच तशी मागणी केली." त्या संचालकांकडे वळल्या. "साहेब, माझा उजवा डोळा गेलेला आहे." संचालकांच्या भुवया वर गेल्या, गंधाली थांबल्या नाहीत. "मी तुम्हाला स्वतःच्या अनुभवानं सांगते. एका डोळ्याचा माणूस हॉटेलात जेवायला बसला तरी आधी बघतो, दार कुठल्या हाताला आहे. ज्या बाईचा डावा डोळा गेलाय ती दार डावीकडे मागून घेणार नाही, उजेडासाठी नाही आणि कशासाठीच नाही. दोन डोळ्यांच्या माणसाला ही थाप पटण्यासारखी वाटली, म्हणून मुळावकरांनी ती मारली."

"दयारामलाही माहीत होतं," मुळावकर म्हणाले. आता त्यांचा आवाज तितका मऊ नव्हता.

"होतं. म्हणून तो वळसा घालून उजवीकडून कप उचलतो. आणि टेबल फिरवायचा हुकूम देणं शिपायाच्या हातात नसतं, तो तुम्ही दिलात. देवीदासांच्या कुप्पीतलं तेल कोणीही घेऊ शकत होतं. पण दाराचा आवाज बंद करण्याची गरज कोणाला? ज्याला ठाऊक होतं की बाई आता कानावर अवलंबून आहेत. बाई तीन वेळा विनवणी करून गेल्या त्या तुमच्याकडेच."

"आणि नकाशा?" मुळावकर हसले. "माझी खोली कालच तपासली तुम्ही."

ते खरं होतं. गंधालींनी गुरुवारी संध्याकाळी प्रत्येक गुंडाळीवरची चिठ्ठी वाचली होती. चाळीस चिठ्ठ्या, चाळीस गावं, त्यात बडेतरिया नव्हतं. त्यांनी शारदाबाईंकडे पाहिलं.

६

सगळ्यांसोबत शारदाबाई मुळावकरांच्या खोलीत आल्या, भिंतीशी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पहिली गुंडाळी त्यांनी उचलून तोलली, कडेवर अंगठा फिरवला, बाजूला ठेवली. दुसरी, तिसरी. दाराशी उभ्या मुळावकरांनी खिशातून रुमाल काढला. सतरावी गुंडाळी बाईंनी ठेवता ठेवता परत उचलली. अंगठा कडेवरून पुढे गेला, मागे आला.

"ह्यात दोन कापडं आहेत," त्या म्हणाल्या.

फीत सुटली. वर दुसऱ्याच एका गावाचा नकाशा होता. त्याच्या पोटात, तितक्याच सफाईनं गुंडाळलेला, बडेतरिया. निळ्या शाईचा तलाव उन्हात आला तसा देवीदास मटकन खाली बसला आणि त्यानं कापडाला हात लावून नमस्कार केला.

मुळावकरांनी मग फारसं काही नाकारलं नाही. सोमवार एकदा निघून गेला की मंगळवारी नकाशा आपोआप 'सापडणार' होता, बाईंच्याच फडताळामागे. कारखानदारानं त्यांना भिलाईत मुलासाठी नोकरी कबूल केली होती. "बाईंना तसं काही होणार नव्हतं," ते पुटपुटले. "निष्काळजीपणा म्हणून सोडून दिलं असतं."

"तेवीस वर्षांत एक कागद हरवला नाही माझा," शारदाबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत. पण मुळावकरांना त्यांच्याकडे बघवलं नाही.

आपल्या खोलीत परतल्यावर संचालकांनी टेबलावरचा टाइप केलेला आदेश सगळ्यांसमोर फाडला, मग अवघडून म्हणाले, "बाई, टेबल पुन्हा पहिल्या जागी लावून देतो."

"लावून द्या साहेब. आणि कोणी विचारलं तं सांगा काहून लावलं ते. मले आता लपवायचं नाही."

सोमवारी नकाशा सुनावणीत उघडला गेला. त्याच दिवशी गंधालींनी आपल्या वरिष्ठांना डोळ्याबद्दल दोन ओळींचं पत्र दिलं. त्यात राजीनाम्याचा उल्लेख नव्हता. आपल्याला खोलीत कुठे बसायचं आहे, तेवढं लिहिलं होतं.

संध्याकाळी दोघी शारदाबाईंच्या घरी, तात्यापाऱ्यात जायला निघाल्या. मोठ्या रस्त्याशी आल्यावर गंधाली थबकल्या. ऑटो, रिक्षा, सायकली, सिलतऱ्याकडे निघालेले ट्रक. चार महिन्यांत त्यांनी हा रस्ता यशोधनच्या दंडाला धरल्याशिवाय ओलांडला नव्हता.

"तुम्ही माझ्या डावीकडं या," शारदाबाई म्हणाल्या.

"का?"

"तुमचा डावा चांगला, माझा उजवा चांगला. तिकडचं तुम्ही पाहा, इकडचं मी पाहते."

गंधाली जागा बदलून उभ्या राहिल्या. आता त्यांना शेजारच्या बाई मुळीच दिसत नव्हत्या, आणि बाईंनाही त्या दिसत नसणार. हाताला हात तेवढा लागत होता. डावीकडून एक ट्रक आला, गंधाली म्हणाल्या, "थांबा." ट्रक गेला. उजवीकडचं बघून बाई म्हणाल्या, "चला."

दोघी रस्ता ओलांडून गेल्या.